जरा हात फिरवते

४ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

बाबा म्हणाले, पत्र लिही. फोनवर म्हणे मी दुसऱ्याच वाक्याला शिकवायला लागते. "पत्रात शिकवलंस तर तिला निदान पान उलटता येईल." तू गेल्यापासून ह्या माणसाला विनोद सुचायला लागले आहेत. रविवारी तुझा फोन आला की ते बाल्कनीत जातात आणि दार ओढून घेतात. मी आत धुतलेली भांडी पुसत बसते, आवाज न करता. काचेतून त्यांचा चेहरा दिसतो. ते हसले की मी समजते, तू काहीतरी बोललीस.

त्यांच्याकडूनच कळलं की तू कर्णयंत्रांच्या दवाखान्यात लागली आहेस आणि लोकांच्या कानांचे साचे घेतेस. मला काही उमजेना. मग त्यांनी स्वतःच्या कानात बोट घालून दाखवलं: आत मऊ लगदा भरायचा, घट्ट झाला की अलगद काढायचा, त्याच्यावरून यंत्राचा कानात बसणारा भाग बनतो. दोन माणसांचे कान सारखे नसतात, एकाच माणसाचे दोन कानही नसतात, असं तू म्हणालीस म्हणे. चांगलं काम आहे.

बघ, "चांगलं" लिहिलं. लगेच शेरा. सवय जात नाही.

माझी बातमी अशी की मी चित्रकलेच्या वर्गाला जाते. हस. बावीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवणारी बाई शनिवारी दुपारी शिकायला जाते, आणि कुणाकडे, तर शाळेमागच्या गल्लीतल्या फ्रेमवाल्याकडे. त्याला स्वतःला सरळ रेघ ओढता येत नाही, तोच सांगतो. "पण बाई, तीस वर्षं लोकांची चित्रं काचेखाली घालतोय. कुठलं श्वास घेतंय आणि कुठलं नाही, एवढं कळतं मला." दुकानाच्या मागच्या भागात, लाकडी पट्ट्यांच्या ढिगाऱ्यात आम्ही चौघंजण बसतो. नियम दोनच. पेन वापरायचं, म्हणजे खोडणं नाही. आणि दहा मिनिटं झाली की हात काढायचा, त्यानंतर त्या कागदाला बोट लावायचं नाही. घरीही रोज एक चित्र, ह्याच नियमांनी.

पहिल्या दिवशी समोर किटली होती. मी काढली. बाकीचे उठून बघायला आले. फ्रेमवाला चष्मा कपाळावर चढवून बघत राहिला.

"सुरेख आहे. पण ही किटली कुठली?"

"समोरची."

"समोरचीला पोचा आलाय, बाई. तुम्ही समोरची काढलीच नाहीत. तुम्ही चांगली किटली काढलीत."

मला इतका राग आला की छत्री तिथेच विसरले.

त्या दिवसाबद्दल एकदा लिहायचंच होतं. मी तुझ्या चित्रांना हात लावायला नको होता. तू केस कापायला गेली होतीस, दुसऱ्या दिवशी चित्रकला महाविद्यालयात प्रवेशाची मुलाखत, आणि न्यायच्या चित्रांचं बाड टेबलावर. मी सहज चाळायला घेतलं. तीन चित्रांतल्या सावल्या कच्च्या वाटल्या, म्हणून जरा हात फिरवला. इतकंच. बाड पुन्हा बांधून ठेवलं आणि तुला सांगायचं राहून गेलं. मुलाखतीच्या वेळी मी बाहेर बाकावर होते. आत काय झालं ते मला कळलंच नाही, तू बाहेर आलीस तेव्हा चेहऱ्यावरून समजलं.

चूक झाली. पण एका चुकीला दोन वर्षं पुरे नाहीत का गं?

तुझी
आई


२२ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं. खोटं कशाला, रोज जिन्यातली पत्रपेटी बघते. बाबा म्हणतात, "तू असं डोकावतेस, एखाद्या दिवशी पोस्टमनच आत अडकलेला सापडेल."

रोज एक चित्र चालू आहे. मोजा, कात्री, बाबांची लिफ्ट दुरुस्तीची हत्यारं, बेसिनचा नळ. इतकी वर्षं मी मुलांना सांगत आले, बघा आणि काढा. आता कळतंय की मी स्वतः बघत नव्हते. नळ म्हटलं की हाताला नळ माहीत असतो, तो काढून मोकळा होतो. डोळ्यांना कुणी विचारतच नाही. आणि चुकीची रेघ पडली की अगदी गॅस चालू राहिल्यासारखं वाटतं. ती तशीच ठेवून उठायचं म्हणजे शिक्षा.

म्हणून मी उठले नाही. मंगळवारचा मोजा बुधवारी पुन्हा काढून बसले. टाच ठीक केली. शनिवारी आठवड्याचे सात कागद फ्रेमवाल्यापुढे ठेवले. त्याने ते पालथे घातले. फ्रेमवाले चित्र मागून बघतात, हे मला माहीत नव्हतं. त्याने मागच्या बाजूने बोटं फिरवली आणि मंगळवारचा कागद बाजूला काढला.

"ह्यावर तुम्ही दोनदा बसलात."

मी पेनचं टोपण लावलं.

"पहिल्यांदा बसलेला हात घाबरलाय, पण बघतोय. दुसऱ्यांदाचा हुशार आहे, आणि आंधळा. पेन किती रुतलंय बघा."

आमच्यातली एक नर्स आहे, जिभेला हाड नाही. ती म्हणाली, "बाई, घरचा अभ्यास स्वतःच तपासून आणता होय?" सगळे हसले. मीही हसले. मग मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत राहिले, कारण "दोनदा बसलेला हात" हे मी ह्याआधी ऐकलेलं होतं. अगदी ह्याच शब्दांत नाही.

येताना चालत आले. "हात फिरवणं" ह्या शब्दाचा विचार करत होते. तुला ताप आला की तू पालथी व्हायचीस आणि म्हणायचीस, आई, पाठीवरून हात फिरव. मी फिरवायचे, तू झोपायचीस. मग तू चित्रं काढायला लागलीस. पाच वर्षांची होतीस, घोडा काढला होतास, त्याला सहा पाय. मी म्हटलं, थांब, जरा हात फिरवते. दोन पाय खोडले. तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "पण तो पळतोय."

शब्द एकच, हातही एकच. मला दोन्ही एकच वाटत होतं.

आई


११ मार्च

भिंगरी,

आज पेटीत पाकीट होतं. तुझं अक्षर बघून जिन्यातच बसले. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, "काय हो, चक्कर आली का?" म्हटलं, "नाही, पत्र आलंय." वर येऊन उघडलं तर आत माझंच पत्र, पहिलं.

सबंध पत्रावर तुझ्या पेन्सिलीच्या फक्त दोन खुणा. "तीन" ह्या शब्दाखाली रेघ आणि समासात "अकरा". आणि "आत काय झालं ते मला कळलंच नाही" ह्या वाक्यापुढे प्रश्नचिन्ह. मी मुलांच्या वह्या तपासते तसंच, रेघ न थरथरता.

बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, काढला. म्हणाले, "मला तू दोनच सांगितली होतीस."

तर अकरा. मी मोजली नव्हती असं म्हणणार होते, पण मोजली होती. वीस चित्रं होती, अकरांना हात लावला. दुपारी दोनला बसले, पाचला उठले. मधे फोन वाजला तो घेतला नाही. सहज चाळायला घेतलं हे खरं नाही. तू कधी बाहेर जातेस त्याची मी सकाळपासून वाट बघत होते. केस कापून ये म्हणून मीच तुझ्या मागे लागले होते.

सावल्याही फक्त चारांत. बाकीच्यांत चेहरे होते, हात होते, बाबा सोफ्यावर झोपलेले होते तोंडावर वर्तमानपत्र घेऊन. त्यांचे पाय तू फार मोठे काढले होतेस, मी लहान केले. आता ते झोपले की मी बघते. पाय खरंच मोठे आहेत गं त्यांचे. सव्वीस वर्षं त्या बुटांना अडखळते मी, आणि मला ते कधी दिसले नव्हते.

आणि आजीचं.

ते मी पहिल्या पत्रात मोजलंच नव्हतं, तिन्हीत ते नव्हतं. आजीच्या शेवटच्या आठवड्यात तू रोज दवाखान्यात जाऊन बसायचीस. मी डॉक्टरांशी बोलायचे, औषधं आणायचे, चादरी बदलायला लावायचे, पण तिच्यासमोर बसत नव्हते. तू बसलीस आणि काढलंस. कवळी काढून ठेवलेली, तोंड उघडं, जबडा एका बाजूला गेलेला. माझी आई. मी ते चित्र टेबलावर उलटं ठेवलं, बाकीची दहा संपवली, आणि शेवटी ते घेतलं. खोडरबराने तिचं तोंड पुसलं आणि मिटलेलं काढलं. ओठ नीट, थोडं शांत हसू. पंधरा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. छान झालं. मला त्या वेळी खरंच वाटलं की मी तिच्यासाठी काहीतरी केलं.

गेले तीन आठवडे मी ते उघडं तोंड पेनने काढायचा प्रयत्न करते आहे. सत्तावीस कागद झाले. प्रत्येक वेळी हात ते मिटूनच टाकतो.

प्रश्नचिन्हाचं उत्तर ह्या पत्रात होत नाही. थोडा वेळ दे.

आई


२९ मार्च

भिंगरी,

शनिवारी फ्रेमवाल्याला विचारलं, माणसाला नवं काही सुचतच नसेल तर काय करायचं. मला वाटलं, सराव करा म्हणेल. तो एका चौकटीचा कोपरा जुळवत होता, मान वर न करता म्हणाला, "सुचत नाही असं नसतं, बाई. जे सुचतं ते आवडत नाही, म्हणून आपण ओळख देत नाही त्याला."

घरी येऊन हे लिहायला बसले. चार दिवस पहिलंच वाक्य लिहितेय. आज खोडायचं नाही असं ठरवलंय.

त्या बाकाच्या मागे दार होतं आणि ते पूर्ण लागत नव्हतं. वीतभर फट होती. मला सगळं ऐकू आलं.

तू बाड उघडलंस तो आवाज ऐकला. मग एकेक कागद उलटल्याचे आवाज. मी काय केलंय ते तू तेव्हा पहिल्यांदा बघत होतीस. मग परीक्षकांतल्या त्या बाई म्हणाल्या, "ह्या चित्रांत दोन हात आहेत. एक कच्चा आहे, पण तो मला हवाय. दुसरा कुणाचा?"

मी उठायला हवं होतं. दार ढकलून म्हणायला हवं होतं, माझा. दोन पावलांचं अंतर होतं, भिंगरी. मी पर्सचा बंद हातात गुंडाळत बसले. मनात काय होतं तेही सांगते. तू माझं नाव घेशील ही भीती नव्हती. त्या बाई "कच्चा आहे, पण तो मला हवाय" असं म्हणाल्या, ते मला झोंबलं होतं. बावीस वर्षांत माझ्या हाताबद्दल असं कुणी म्हटलं नव्हतं. तो हात तुझा आहे, आणि दुसरा, जो कुणालाच नको होता, तो माझा.

आणि तू म्हणालीस, "दोन्ही माझेच आहेत."

मला वाचवायला म्हणालीस. त्या म्हणाल्या, "खोटं बोलणाऱ्या मुलीला आम्ही काय शिकवणार?" तू बाहेर आलीस. मी विचारलं, "काय म्हणाले?" ऐकलेलं असून विचारलं. तू दाराच्या फटीकडे बघितलंस, मग माझ्याकडे, आणि जिना उतरायला लागलीस. तुला तेव्हाच कळलं होतं ना? मला वाटत होतं तू चित्रांमुळे गेलीस. चित्रांमुळे भांडली असतीस. गेलीस ती त्या बाकामुळे.

हे लिहून झालं. दहा मिनिटांच्या वर झालंय. हात काढते.

आई


१९ एप्रिल

भिंगरी,

रविवारी बाबा बाल्कनीतून आत आले आणि दार उघडंच ठेवलं. म्हणाले, "तिनं विचारलंय, आजीचं तोंड जमलं का."

मी म्हटलं, "नाही म्हणावं. एकेचाळीस कागद झाले."

ते पुन्हा बाहेर गेले. लिफ्ट दोन मजल्यांत अडकली की हा माणूस जसा शांतपणे वरखाली करतो तसा. परत आले. "मे महिन्याच्या पहिल्या मंगळवारी तिला दुपारी वीस मिनिटं सुट्टी असते. समोरच्या उपाहारगृहात. मी सोबत असलो तरच."

मी काही नवं नेसणार नाही. काही आणणार नाही. शिकवणार नाही.

आई


६ मे

भिंगरी,

तू तिथे होतीस, तरी लिहिते. तुझ्या बाजूनं काय दिसलं ते मला माहीत नाही, माझ्या बाजूचं एवढं आहे.

आम्ही लवकर पोचलो होतो. दवाखान्याच्या काचेतून तू दिसलीस. स्टुलावर एक आजोबा, आणि तू त्यांचं डोकं दोन्ही हातांनी असं वळवलंस, जसं भरलेलं भांडं वळवावं. लगदा भरलास. काच बंद होती पण ओठांवरून कळत होतं: तोंड उघडा. मिटा. हसा. पुन्हा उघडा. मग साचा काढून उजेडाकडे धरलास आणि नुसता बघितलास. किती वेळ. मी असं बघताना कधी कुणाला बघितलं नाही. मला ओरडून सांगावंसं वाटलं, अगं हेच, हेच ते. बाबांनी माझं मनगट धरलं. "शेरा नको," म्हणाले.

तू आलीस, समोर बसलीस, चहा मागवलास. केस बारीक कापलेत. मी त्यावर बोलले नाही. तू म्हणालीस, "मी चित्रं काढत नाही. त्याचं मला काही वाटत नाही. तू वाट बघू नकोस."

मी "बरं" म्हटलं. बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मला झटका आलाय. पण मी खरंच बरं म्हटलं होतं. तू पुन्हा काढायला लागावंस हा माझा हट्ट म्हणजेही तुझ्यावर हात फिरवणंच होतं, हे मला येताना बसमध्ये कळलं होतं. फार उशिरा कळलं, पण बस पोचायच्या आधी.

मग तू विचारलंस, "आजीचा जबडा कुठल्या बाजूला गेला होता?"

मी म्हटलं, "डाव्या. की उजव्या. तुलाच माहीत, तू काढला होतास."

"मला आता ते चित्र आठवत नाही," म्हणालीस. "डोळ्यांसमोर आणलं की तू केलेलंच येतं. मिटलेलं. म्हणून तुला बोलावलं. मला वाटलं, खोडताना तरी तू नीट बघितलं असशील."

चहा आला. तिघांपैकी कुणी कप उचलला नाही.

मी नव्हतं बघितलं, भिंगरी. न बघण्यासाठीच खोडलं होतं. तुझ्याकडे होती ती एकच खरी आजी, आणि मी ती आपल्या दोघींच्याही डोक्यातून पुसली. मी हे मोठ्यानं बोलले की नाही, आठवत नाही. तू माझ्या तोंडाकडे बघत होतीस. हनुवटीकडे. म्हणालीस, "तोंड उघड."

"काय?"

"तुझी हाडं तिच्यासारखी आहेत. उघड."

मी उघडलं. शेजारच्या टेबलावरचा माणूस बघायला लागला.

"असं नाही. हे तू उघडून धरलंयस. जबडा सोड."

मी सोडला.

"सोडला नाहीस. रोज वीस जणांना सांगते मी, कळतं मला. घट्ट धरून ठेवलायस. सोड गं आई."

दोन वर्षांनी तू आई म्हणालीस, तेही कामाच्या आवाजात. त्याने सुटला. कुठून सुटला माहीत नाही, कानांच्या मागून, मानेतून. लाळ ओठावर आली ती पुसली नाही. तू पुढे वाकलीस. माझ्या हनुवटीला हात लावला नाहीस, नुसतं बोटानं हवेत दाखवलंस, डावीकडे. मी डावीकडे नेला. मान थोडी मागे. मी वर छताकडे बघत होते, पंखा दिसत होता, आणि मला जाणवत होतं की तू बघते आहेस, त्या साच्याकडे बघितलंस तसं. काही दुरुस्त न करता.

मग घड्याळ बघितलंस.

"नाही," म्हणालीस. "हे तोंड तुझंच आहे."

उठलीस, बाबांच्या खांद्याला हात लावलास आणि रस्ता ओलांडून गेलीस. काचेचं दार तुझ्यामागे हळूहळू बंद झालं. पुन्हा ये म्हणाली नाहीस, येऊ नको असंही नाही.

बाबा म्हणाले, "अगं, मीट आता. लोक बघतायत."

मला मिटता येईना.

आई